दाराशी नेलेलं बटण

पेनाचं टोपण आत्याने दातांत धरलं होतं, ते तसंच राहिलं. सही करायला म्हणून ती वडिलांच्या टेलरिंगच्या दुकानात कापड कापायच्या टेबलावर वाकली होती, आणि सहीची जागा रिकामी नव्हती.

विद्यापीठाचा फॉर्म होता तो. 'पहिल्या वर्षी विद्यार्थी कुठे राहणार' असा मथळा आणि खाली तीन चौकोन: वसतिगृह, भाड्याची खोली, नातेवाईकांचं घर. भाचीने तिसऱ्या चौकोनात खूण केली होती, तेवढं बरोबर होतं. त्यासाठीच तर आत्या शहरातून सकाळची पहिली बस धरून गावी आली होती. पण पुढे नातं लिहायच्या जागी 'आत्या' असं नव्हतं. 'मोठे काका' असं होतं. खाली एक सही, आणि सहीच्या टोकाला खडूने कापडावर ओढतात तशी लांब तिरकी रेघ. अशी रेघ या घरात एकच माणूस ओढायचा. तो या घरातून गेला त्याला बावीस वर्षं झाली होती.

"हे काय आहे?" टोपण काढून तिने विचारलं.

भाची, टाचणी, शिलाई मशीनच्या स्टुलावर बसली होती. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार म्हणून आजोबांनीच, म्हणजे मास्तरांनीच, तिला हे नाव लहानपणी लावलं होतं, आणि अठरा वर्षांत तिने ते एकदाही खोटं पाडलं नव्हतं. आज मात्र ती स्टुलाच्या अगदी कडेवर बसली होती.

"आत्या, मी तुला आधी सांगणार होते."

"आधी म्हणजे कधी? माझी सही झाल्यावर?"

"काय झालं?" वहिनी आतून चहाचा ट्रे घेऊन आल्या. टाचणीची आई. दुकानातलं काज-बटणाचं सगळं काम त्यांच्याकडे, आणि घरातले सांधेही बहुतेक त्याच जोडायच्या. त्यांनी फॉर्म वाचला, ट्रे टेबलावर ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. "अहो, बघा हो हे. भावजींची सही आहे."

धाकटा, म्हणजे आत्याचा लहान भाऊ आणि टाचणीचा बाप, दाराशी पेपर वाचत बसला होता. तो उठला नाही. पेपरही खाली केला नाही. फक्त पेपराची कडा थरथरायला लागली, आणि ते आत्याला दिसलं. तिला वाटलं, बिचाऱ्याला धक्का बसला.

"तुला कुठे सापडला तो?" आत्याने विचारलं.

"शोधला. मास्तरांच्या वाढदिवसाला दर वर्षी एक पाकीट येतं ना? मास्तर ते फोडत नाहीत आणि टाकतही नाहीत, खणात ठेवतात. पाकिटाच्या पाठीवर पत्ता असतो. प्रवेशाच्या दिवशी गेले. काका नाट्यगृहात कपडे कापतात, राजे-बिजे, शिपाई-बिपाई सगळ्यांचे. घर तिथेच मागे आहे. माझ्या वर्गापासून चालत सात मिनिटं."

"माझ्या घरापासून पंचावन्न मिनिटं आहेत."

"दीड तास आहे आत्या. दोन बसेस."

"बसचं वेळापत्रक मी बनवते! डेपोत एकवीस वर्षं तेच करतेय, मला शिकवतेस?"

"तू बनवतेस गं, पण बस ते पाळते कुठे?"

एरवी यावर सगळे हसले असते. कुणी हसलं नाही. आत्याने पर्समधून फोटोंचं पाकीट काढलं होतं, ते तिने परत आत सारलं. काय काय होतं त्यात! खोलीला दिलेला फिकट पिवळा रंग, खिडकीशी लावलेलं टेबल, टेबलावरचा वाकता दिवा. लग्न न केलेल्या बाईच्या घरात एक खोली बारा वर्षं नुसती पडून होती. ती उन्हाळाभर खपून तिने माणसात आणली होती. शेजारणींना सांगून झालं होतं की माझी भाची येतेय.

"तिथे तुला खोली तरी आहे का?" तिचा आवाज चिरकला.

"आहे. छोटी आहे. त्यात कपडे चढवायचे दोन पुतळे आहेत. ते राहणारच, काकू म्हणाल्या."

"पुतळ्यांबरोबर राहशील? बिनडोक्याच्या पुतळ्यांबरोबर? माझ्याबरोबर नाही?"

टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोलायची ती थांबली नाही. "आत्या, तू मला फार सांभाळशील. मी उशिरा आले तर तू स्टॉपवर येऊन उभी राहशील, मला माहितीये. मला जरा कमी सांभाळणारं घर हवंय."

आत्याला थोबाडीत मारल्यासारखं झालं. ती मटकन टेबलाच्या कडेवर टेकली. आणि गंमत बघा, या टेबलावर बसायची कुणाला परवानगी नव्हती, तरी कुणी तिला ऊठ म्हटलं नाही.

"हॉस्टेल," धाकटा एकदम म्हणाला. पेपर आता घडी होऊन मांडीवर होता. "ताईकडे नको, तिकडे नको. हॉस्टेलला जा. विषय संपला."

"अहो, कालपर्यंत हॉस्टेलचं नाव काढलं की तुम्ही अंगावर येत होतात!" वहिनी म्हणाल्या. "ताईंकडेच जाऊ दे तिला. घरचं माणूस आहे."

"काका पण घरचेच आहेत," टाचणी म्हणाली.

"तू गप्प बस!" धाकटा इतक्या जोरात ओरडला की वहिनींच्या हातातला कप कलंडला.

तेव्हा दुकानाच्या कोपऱ्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मास्तर उठले होते.

मास्तर एक्याऐंशी वर्षांचे. गावात तीन पिढ्यांचे कोट त्यांनी शिवले, म्हणून मुलंसुद्धा त्यांना बाबा न म्हणता मास्तरच म्हणायची. महिन्यापूर्वी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती, आणि तेव्हापासून म्हाताऱ्याला नवं खेळणं मिळालं होतं. सकाळपासून एकेक रीळ घेऊन दाराशी जायचं, उजेडात धरायचं आणि ओरडायचं, "अरे, हा तर निळा!" शिकाऊंना आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट घोकवली होती: काळा आणि नेव्ही ब्लू बल्बखाली ठरवायचा नाही, दाराशी नेऊन बघायचं.

"डबा काढा," मास्तर म्हणाले. "बटणं टाकू."

"बटणं नकोत!" धाकटा उभा राहिला. "हे काय मास्तर, एवढ्याशा गोष्टीला."

"पोरगी घर सोडून कुठे राहणार, ही एवढीशी गोष्ट? डबा काढ."

या घराची ही पद्धत मास्तरांच्या बापापासूनची. सगळ्या घराला लागू होणारी गोष्ट असली की बटणं टाकायची. ट्रायल रूममध्ये बटणांचा डबा ठेवायचा, एकेकाने पडद्याआड जायचं, एक बटण मुठीत घेऊन बाहेर यायचं आणि मूठ कापडी पिशवीत रिकामी करायची. पांढरं म्हणजे हो. काळं म्हणजे नाही. कुठलंही रंगीत म्हणजे माझं मत नाही, तुम्ही ठरवाल ते. ज्याची गोष्ट असेल त्याने टाकायचं नाही. एक जरी काळं निघालं तरी ती गोष्ट बारगळली. मात्र काळं टाकणाऱ्याने सगळ्यांसमोर 'माझं आहे' म्हणून सांगितलं, तर त्याला ते मागे घेता यायचं. तसं आजवर कुणी केलं नव्हतं. लपवायची सोय असताना कोण कशाला पुढे येतो?

बावीस वर्षांपूर्वी असाच डबा निघाला होता. थोरल्याला दुकानात इस्त्री करायला येणाऱ्या मुलीशी लग्न करून याच घरात राहायचं होतं. आत्याने तेव्हा आकाशपाताळ एक केलं होतं. 'ती या घरात आली तर मी जिना चढणार नाही,' असं ती सगळ्यांदेखत बोलून बसली होती. तरुण होती, जीभ सैल होती. पण बटण टाकायच्या संध्याकाळी तिला जिन्यात ती मुलगी दिसली. थोरल्याचं जॅकेट दोन्ही हातांवर आडवं घेऊन उभी, घडी मोडू नये म्हणून खांदासुद्धा न हलवता. आत्या पडद्याआड गेली आणि पांढरं बटण घेऊन आली. पिशवीतून तीन पांढरी निघाली आणि एक काळं. मास्तर बल्बखाली उभे राहून 'काळं' म्हणाले, थोरल्याने ते बटण उचलून खिशात घातलं, आणि त्या मुलीचा हात धरून जो गेला तो गेलाच.

काळं कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं काय? बोलून दाखवणारी तर घरातच होती. 'माझं पांढरं होतं' असं आत्याने शपथा घेऊन सांगितलं. आईने ऐकून घेतलं. शेवटच्या दुखण्यात आई तिच्या हातून पाणी प्यायची, पण तिच्याकडे बघायची नाही. आई गेली, तरी आत्याला ते बघणं मिळालं नाही.

"मास्तर," टाचणी म्हणाली, "डबा काढायच्या आधी हे घ्या." तिने बॅगेतून कागदाची एक पुडी काढली. "काकांनी दिलंय. म्हणाले, मास्तरांच्याच हातात दे, आणि दिवसा दे."

धाकट्याने पुढे होऊन हात लांब केला. "इकडे आण ते."

"मास्तरांच्या हातात," टाचणी म्हणाली आणि पुडी पाठीमागे धरली. मग बापाला वळसा घालून तिने ती मास्तरांच्या तळहातावर ठेवली.

मास्तरांनी पुडी सोडली. आत एक बटण. चार भोकांचं, कोटाचं. म्हातारा क्षणभर बघत राहिला, मग पाय ओढत दाराशी गेला. सवयच ती. अर्धं शटर वर होतं, बाहेर लख्ख ऊन होतं. बटण त्यांनी उन्हात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"हे काळं नाही," मास्तर म्हणाले.

कुणाला काही कळेना.

"नेव्ही ब्लू आहे," ते म्हणाले. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटत होता. "अरे देवा. नेव्ही ब्लू आहे हे. मी बल्बखाली बघितलं. मी! जगाला दाराशी पाठवलं आणि स्वतः..." त्यांनी शटरचा आधार घेतला.

वहिनी धावल्या, त्यांनी सासऱ्यांना खुर्चीवर बसवलं. आत्या जागची हलली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: तीन पांढरी आणि एक रंगीत. कुणीच नाही म्हटलं नव्हतं. थोरल्याला या घरात कुणीच नाही म्हटलं नव्हतं!

"मग रंगीत तुझं होतं का गं?" मास्तरांनी तिलाच विचारलं. सवय हो, दुसरं काय!

"माझं पांढरं होतं. बावीस वर्षं सांगतेय, मास्तर. तुम्ही काय टाकलंत?"

"पांढरं. तुझ्या आईनेही. ती मला बोलली होती."

मग आणखी कुणाचं असणार? हिशोब चिमुरड्या पोरालाही जमला असता. आत्याने मान वळवली. धाकटा खाली बघत होता, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. लहानपणी खडू चोरला की व्हायच्या तशा.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"ताई..."

"मास्तर 'काळं' म्हणाले, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो." तो इतकं हळू बोलला की वहिनींनी "काय?" म्हणून विचारलं. मग तो मोठ्याने म्हणाला, "हो! माझंच होतं. मला कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती. हाताला लागलं ते रंगीत उचललं. मास्तर काळं म्हणाले आणि मला वाटलं, आता बोलू, मग बोलू. तेवढ्यात दादा गेलासुद्धा. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मोठी कात्री माझ्या हातात दिली. दादाची कात्री, दादाची जागा. मग कसा बोलणार होतो?"

"आणि मला? आईला तरी सांगायचंस! आई मरेपर्यंत माझ्याकडे बघत नव्हती, तू तिथे उशाशी बसलेला असायचास!"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. वीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्या माणसाकडे त्या अशा बघत होत्या, जणू आज कुणी गिऱ्हाईक दुकानात शिरलंय.

आत्याला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. याच भावाला तिने कडेवर घेऊन फिरवलं होतं. याच्यासाठी दर सणाला, दर लग्नात ती घर फोडणारी म्हणून बसली होती, आणि हा तिला ताट वाढत होता.

"काकांना कधी कळलं?" वहिनींनी लेकीला विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी सकाळी. बस स्टँडवर, उजेडात."

"मग परत का आले नाहीत?"

"म्हणाले, ज्याचं आहे तो येऊन सांगेल, म्हणून थांबलो. थांबता थांबता इतकी वर्षं झाली." टाचणी आत्याकडे वळली. "आत्या, तुझं नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, ताई रंगीत टाकणारच नाही. तिचं एक तर हो असतं, नाहीतर नाही."

म्हणजे जगात एक माणूस होता तर, जो तिच्यावर विश्वास ठेवून होता. आणि तो तिच्याच शहरात होता, तिनेच आखलेल्या बसमधून जात-येत होता, आणि एकदाही तिच्या दारी आला नव्हता!

"डबा काढा," मास्तर पुन्हा म्हणाले. डोळे पुसत होते, पण आवाज पक्का होता. "आज दिवसाउजेडी काढा. उद्या फॉर्म द्यायचाय पोरीला. थोरल्याकडे राहायचं, हो की नाही. चौघांनी टाका."

मास्तर गेले, आले. वहिनी गेल्या, आल्या. धाकटा गेला तो बराच वेळ आला नाही, मग आला. शेवटी आत्या.

पडद्याआड डबा स्टुलावर होता. बटणांचा तो ओळखीचा वास, जरा तेलकट, जरा धातूचा. तिने पांढरं शोधायला हात घातला आणि तिला पिवळी खोली आठवली. टेबल, वाकता दिवा. या घराने तिचं किती घेतलं होतं! आई घेतली, भाऊ घेतला, आता ही पोरगीही चालली, तीही पुतळ्यांच्या खोलीत. आणि काळं निघालं तर कुणावर जाणार होतं? धाकट्यावर. आज तर नक्कीच त्याच्यावर. एकदा त्यालाही बसू दे तसं, सगळ्यांच्या नजरा खात. आत्याने आरशाकडे बघायचं टाळलं. बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत काळं होतं. ते तिने पिशवीत सोडलं.

मास्तरांनी पिशवी दाराशी नेली आणि उन्हात, उंबऱ्याजवळच्या बाकावर पालथी केली.

तीन पांढरी. एक काळं. हे मात्र उन्हातही काळंच होतं.

टाचणीच्या तोंडून "अगं आई" एवढंच निघालं. वहिनींनी मान वळवली, आणि आत्याला वाटलं होतं तसंच झालं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. मास्तरांनीही. टाचणीनेही बापाकडेच बघितलं. आत्याकडे कुणी बघितलं नाही.

धाकट्याने चौघांचे चेहरे पाहिले. मग त्याची नजर आत्यावर आली आणि जरा जास्त वेळ थांबली. त्याला कळलं होतं. आपण काय टाकलं हे त्याला माहीतच होतं, आणि उरलेल्यांतून काळं कोण टाकेल हे कळायला त्याला काही वेळ लागणार नव्हता.

"माझं आहे," धाकटा म्हणाला.

आत्याने झटकन त्याच्याकडे बघितलं.

"माझं आहे, आणि मी मागे घेतो," तो म्हणाला. पुढे होऊन त्याने काळं बटण उचललं. "जाऊ दे तिला दादाकडे."

झालं. संपलं. टाचणीने बापाला मिठी मारली. मास्तर म्हणाले, "शाब्बास, तोंड उघडलंस एकदाचं." वहिनींच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा थोडा रंग आला. सगळं जिथल्या तिथे बसत होतं. आत्याने फक्त गप्प राहायचं होतं. पोरगी जाणारच होती, कुणाचं काही बिघडत नव्हतं, आणि तिचं नाव बावीस वर्षांनी धुऊन निघालं होतं. गप्प बसणं इतकं सोपं असतं? तिला कल्पनाच नव्हती. घटकाभर थांबलं की झालं. मग आणखी एक घटका. मग मोठी कात्री. मग आईचं आजारपण.

"थांब," आत्या म्हणाली.

तिने धाकट्याची मूठ धरली, लहानपणी खडू काढून घ्यायची तशी एकेक बोट सोडवली आणि बटण स्वतःच्या हातात घेतलं.

"हा खोटं बोलतोय. ते माझं आहे. आत्ता पडद्याआड जाऊन मी काळं उचललं आणि टाकलं. याच्यावर जाईल हे माहीत असून टाकलं."

टाचणीचा हात बापाच्या खांद्यावरून घसरला. धाकट्याचा चेहरा तर बघवत नव्हता. "ताई," तो म्हणाला, "कशाला बोललीस? मी घेत होतो ना माझ्यावर."

"म्हणूनच बोलले."

आतापर्यंत न आलेलं रडू आता आलं, आणि तिने ते येऊ दिलं. रडत रडतच ती ट्रायल रूममध्ये गेली, डब्यातून एक पांढरं आणलं, दाराशी उन्हात धरून मास्तरांना दाखवलं आणि बाकावरच्या तीन पांढऱ्यांशेजारी ठेवलं. काळं तिने टाचणीच्या हातात दिलं आणि तिची बोटं त्यावर मिटली.

"हे दादाला नेऊन दे," ती म्हणाली. "सांग, या वेळचं काळं ताईचं होतं. आणि सांग, तिने ते त्याच दुपारी कबूल केलं."